आधी फाइल सोडवा, लॅपटॉप मागाहून

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी भाषांतरकार आहे. २०१६ मध्ये घेतलेल्या लॅपटॉपवरच माझं सगळं काम चालतं. आता त्याची बॅटरी चाळीस मिनिटांत मान टाकते, सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागतात आणि नवी विंडोज त्यावर चढणार नाही असं पडद्यावर येतं. दुरुस्तीवाले म्हणाले, ‘यात आता काही अर्थ नाही, नवीन घ्या.’ लिहिण्याच्या सॉफ्टवेअरची वर्गणीही दर वर्षी भरावी लागते. ती थांबवावी म्हणून लिब्रेऑफिस हे लिहिण्याचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, पण चारशे पानांचं भाषांतर त्यात उघडलं तर चारशे सतरा पानं झाली, तक्ते खाली घसरले आणि मराठीचा फॉन्ट काही केल्या बदलेना. घाबरून बंद करून टाकलं. संपादकांना वर्डची डॉक्स फाइलच लागते, आणि त्यांनी केलेले बदल त्यात रंगीत दिसायला हवेत. मुलगा म्हणतो, ‘फ्रेमवर्क कंपनीचा, घरी उघडून दुरुस्त करता येणारा लॅपटॉप घे, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकू, सगळे प्रश्न एकदम मिटतील.’ पुस्तक तीन महिन्यांत द्यायचं आहे. काय करू?

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलाची दिशा बरोबर आहे, फक्त वेळ चुकते आहे. पुस्तक हातात असताना लॅपटॉप, विंडोज आणि लिहिण्याचं साधन हे तिन्ही एका आठवड्यात बदललं, तर काही बिनसल्यावर ते कशामुळे बिनसलं हे शोधायला जागाच उरणार नाही. म्हणून हे पुस्तक जाईपर्यंत वर्गणी चालू ठेवा आणि आहे त्याच सॉफ्टवेअरमध्ये ते पूर्ण करा. लिब्रेऑफिस काढून टाकू नका. त्यात पुढचं एखादं छोटं काम करा, दहा-वीस पानांचं. आणि नवा लॅपटॉप आत्ता घेऊच नका. तुमचं पत्र वाचून मला तरी तो मेलेला वाटत नाही.

आधी त्या वाढलेल्या सतरा पानांबद्दल, कारण तुमची भीती तिथून सुरू झाली आहे. फाइल बिघडलेली नाही. कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया हे वर्डमधले फॉन्ट मुक्त परवान्याचे नाहीत, त्यामुळे लिब्रेऑफिससोबत ते येत नाहीत. ते यंत्रावर नसतील तर त्यांच्या जागी कार्लिटो आणि कॅलाडिया वापरले जातात. हे दोन फॉन्ट मुद्दाम असे घडवले आहेत की प्रत्येक अक्षराची रुंदी मूळ फॉन्टइतकीच भरावी, म्हणजे ओळ जिथे तुटायची तिथेच तुटते. एरियल आणि टाइम्स न्यू रोमन यांच्यासाठी लिबरेशन नावाचे फॉन्ट हेच काम करतात. देवनागरीत मात्र अशा जोड्या नाहीत. तुम्ही मराठीसाठी वापरलेला फॉन्ट लिब्रेऑफिसला मिळाला नाही, तर दुसरा कुठला तरी त्याची जागा घेतो. त्याची वेलांटी उंच असली, की ओळींमधलं अंतर वाढतं. पानागणिक एखादी ओळ पुढे सरकली, की चारशे पानांत सतरा पानं सहज वाढतात. तक्ते घसरतात तेही बहुतेक वेळा यामुळेच.

फॉन्ट न बदलण्यामागेही साधं कारण आहे. लिब्रेऑफिस एकाच परिच्छेदासाठी वेगवेगळे फॉन्ट लक्षात ठेवतं. एक रोमन लिपीसाठी, एक चिनी-जपानी वगैरेंसाठी आणि एक ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी. देवनागरी या तिसऱ्या खान्यात येते. तुम्ही शैलीच्या खिडकीत जाऊन पहिल्या खान्यातला फॉन्ट बदलत राहिलात, तर मराठी अक्षर हलणार नाहीच. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषांचं पान आहे. तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसमोर खूण करा, भाषा मराठी निवडा, आणि मग शैलीतल्या त्या खान्यातला फॉन्ट बदला. मराठीत लिहिणाऱ्या कितीतरी माणसांनी एवढ्या एका खुणेपायी हे साधन सोडून दिलेलं मी पाहिलं आहे, आणि दर वेळी मला हळहळ वाटते.

एक काम मात्र करून बघाच. त्या चारशे पानी फाइलची एक प्रत काढा, प्रतच, मूळ फाइलला हात नको. प्रतीच्या नावाच्या शेवटचं डॉक्स पुसून तिथे झिप लिहा आणि उघडा. आत काही फोल्डर दिसतील. त्यातल्या ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॉक्युमेंट’ नावाची एक एक्सएमएल फाइल असते. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली, की कोनी कंसांच्या गर्दीत तुमचीच वाक्यं दिसतील. लिब्रेऑफिसची स्वतःची ओडीटी फाइलही अशीच झिप असते. तिच्यात मजकूर ‘कंटेंट’ नावाच्या फाइलमध्ये, शैली ‘स्टाइल्स’मध्ये आणि चित्रं ‘पिक्चर्स’ फोल्डरमध्ये. फाइल कधी उघडेनाशी झाली आणि झिप म्हणून जरी उघडली, तरी मजकूर असा हातानं बाहेर काढता येतो. मी स्वतः एकदा नव्वद पानांचा अहवाल असाच वाचवला आहे.

मग डॉक्सही झिपच असेल, तर ओडीटीचा आग्रह कशाला? प्रश्न रास्त आहे. दोन्ही प्रकार आंतरराष्ट्रीय मानक म्हणून छापलेले आहेत, ओडीटीच्या मागचं ओपनडॉक्युमेंट २००६ मध्ये आणि डॉक्सच्या मागचं ऑफिस ओपन एक्सएमएल २००८ मध्ये. पण दुसऱ्या मानकाची ‘ट्रान्झिशनल’ नावाची जी आवृत्ती रोजच्या फाइलींत वापरली जाते, तिच्यात जुन्या प्रोग्रॅमच्या सवयी सांभाळणाऱ्या पुष्कळ तरतुदी शिल्लक आहेत. दुसऱ्या कुणी तशीच्या तशी फाइल उभी करायची, तर त्या सवयींचीही नक्कल करावी लागते. सरळ परिच्छेद, मथळे, तळटीपा, साधे तक्ते हे सगळं नीट जातं-येतं. गाडं अडतं ते तरंगत्या चौकटी, तक्त्यात तक्ता, अनेक पातळ्यांचे आपोआप पडणारे क्रमांक आणि मॅक्रो, म्हणजे फाइलीत बसवलेले छोटे प्रोग्रॅम, इथे. तुमच्या भाषांतरात यातलं फारसं काही नसावं.

संपादकांचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, कारण पोट त्यावर आहे. लिब्रेऑफिस डॉक्समधले नोंदवलेले बदल आणि शेरे वाचतं, स्वतःही नोंदवतं. पण माझा नियम असा आहे, आणि तो मी कुणालाही मोडू देत नाही: पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत ओडीटी, आणि संपादकाकडे एकदा डॉक्स गेली की काम संपेपर्यंत डॉक्सच. अधूनमधून ओडीटीत आणायची, पुन्हा डॉक्स करायची, असं करत राहिलं की प्रत्येक फेरीत काहीतरी थोडं झिजतं. सगळ्यात आधी पाच पानांची चाचणी घ्या. त्यात एक तळटीप, एक तक्ता, दोन नोंदवलेले बदल आणि एक शेरा घाला, संपादकांना पाठवा, त्यांना आणखी दोन बदल करून परत पाठवायला सांगा. फाइल धड परत आली तर चारशे पानंही येतील. त्याआधी ऑप्शन्समध्ये जाऊन स्वतःचं नाव भरा, नाहीतर तुमचा प्रत्येक बदल अनोळखी लेखकाच्या नावावर जाईल आणि संपादक गोंधळतील.

डॉक्सची देवाणघेवाण हेच जर तुमचं निम्म्याहून अधिक काम असेल, तर ओन्लीऑफिस हेही मुक्त स्रोत साधन (ज्याचा मूळ प्रोग्रॅम कुणालाही बघता-बदलता येतो असं) बघून घ्या. ते डॉक्सलाच आपला मूळ प्रकार मानतं, त्यामुळे पानाची मांडणी पुष्कळदा अधिक जवळची येते, आणि त्याचा चेहराही तुमच्या सवयीचा वाटेल. फक्त तुमच्या फॉन्टमधली जोडाक्षरं, रफार आणि ‘ऱ्या’सारखी अक्षरं त्यात नीट उमटतात का ते आधी एका पानावर तपासा. मोठ्या पुस्तकासाठी मी लिब्रेऑफिसच निवडेन. एफ-पाच दाबल्यावर उघडणारी मथळ्यांची यादी, जिच्यातला मथळा ओढून अख्खं प्रकरण वर-खाली करता येतं, ती एकदा हाताला बसली की सोडवत नाही. त्यासाठी मथळे शैली लावून केलेले हवेत. अक्षर ठळक आणि मोठं करून केलेला मथळा त्या यादीत येत नाही.

आणखी दोन सोयी आत्ताच चालू करून ठेवा. ऑप्शन्समधल्या लोड-सेव्हच्या पानावर दर वेळी मागची प्रत ठेवण्याची खूण आहे, ती करा. आणि अंतिम पीडीएफ काढताना ‘हायब्रिड’ हा पर्याय निवडला तर पीडीएफच्या पोटातच मूळ ओडीटी फाइल बसते. वाचणाऱ्याला ती साधी पीडीएफ दिसते, तुम्ही ती लिब्रेऑफिसमध्ये उघडली की पुन्हा दुरुस्त करता येते. दहा वर्षांनी दुसरी आवृत्ती निघाली तर मूळ फाइल शोधत बसावं लागणार नाही. तुमची युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधली जुनी भाषांतरं असतील, ज्यांचा फॉन्ट काढला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, तर ती सवडीनं परिवर्तक (फॉन्ट-कन्व्हर्टर) वापरून युनिकोडमध्ये आणून ठेवा. ती नव्या लॅपटॉपनंही वाचणार नाहीत.

मुक्त साधनावर विसंबावं का, ही शंका तुमच्या पत्रात नाही, पण मनात असेल. लिब्रेऑफिसची कुळी सांगतो. जर्मनीतल्या स्टार डिव्हिजनचं स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याचा स्रोत खुला केला. त्यातून ओपनऑफिस उभं राहिलं. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली. पुढे काय होईल याची काळजी वाटलेल्या लोकांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तोच स्रोत घेऊन द डॉक्युमेंट फाउंडेशन आणि लिब्रेऑफिस सुरू केलं. मालक बदलले, नाव बदललं, पण वापरणाऱ्यांच्या फाइली उघडत राहिल्या. बंद सॉफ्टवेअरची कंपनी विकली गेली असती तर हे कुणाच्याच हातात नव्हतं. ओपनऑफिस हे जुनं नाव अपाची फाउंडेशनकडे अजून आहे, पण त्यात आता नवी भर फारशी पडत नाही. नावाच्या सारखेपणानं फसू नका.

आता लॅपटॉप. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ तुमच्या २०१६ च्या प्रोसेसरला आपल्या यादीत धरत नाही. पडद्यावरच्या त्या सूचनेचा अर्थ एवढाच. प्रोसेसर निकामी झाला, असा तिचा अर्थ नाही. लिहिणं, शब्दकोश उघडणं, पत्रव्यवहार, एवढ्याला तो आजही पुरतो. पाच मिनिटं लागतात म्हणता, त्यावरून आत फिरती हार्ड डिस्क असावी. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसली की तेच यंत्र अर्ध्या मिनिटात उठतं. आणि बॅटरी तर झिजण्याचीच वस्तू आहे. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात दोन आकडे बघा: घडवताना ठरवलेली क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता. पहिला ४८ वॅट-तास आणि दुसरा १५ असेल, तर तुमच्या चाळीस मिनिटांचा हिशेब तिथेच लागला.

बॅटरी आत्ता बदला, तिचा फाइलींशी संबंध नाही. डिस्क मात्र पुस्तक गेल्यावर. नव्या एसएसडीवर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सची एक सोपी आवृत्ती, टाका आणि जुनी डिस्क, विंडोजसकट, तशीच लेबल लावून कपाटात ठेवा. काही अडलं तर ती परत जागेवर बसवली की यंत्र होतं तसं. त्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला धक्का न लावता. त्या तासाभरात वाय-फाय, पडद्याचा उजेड, आणि तुमच्या सवयीचा मराठी कळफलक, इनस्क्रिप्ट असो की उच्चारानुसारी, हे सगळं तपासून घ्या.

हे मुलाच्या मदतीनं घरीच होईल. फोटो काढण्याआधी कागद घ्या. कागदावर लॅपटॉपच्या पाठीची आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू आकृतीत त्याच्या जागी चिकटपट्टीनं लावा. स्क्रूंची लांबी एकसारखी नसते. लांब स्क्रू आखूड भोकात गेला, तर वरच्या पत्र्याला फुगवटा येतो किंवा बोर्डालाच इजा होते. झाकण उघडताना नखाऐवजी प्लॅस्टिकची पट्टी वापरा, कडेचे खटके एकेक करून सुटतील. आत सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवायची, ती तारांना धरून ओढायची नाही. मग बाकीच्याला हात. मेमरीची (रॅमची) पट्टी दोन बाजूंच्या चिमट्यांत असते. चिमटे बाहेर केले की ती स्वतःच तिरकी उभी राहते. डिस्कच्या शेजारी बोटाएवढी मोकळी जागा आणि टोकाला एकच स्क्रू दिसला, तर तिथे बहुधा एम-दोन प्रकारची एसएसडी बसते. तिच्या मापाच्या २२८० या आकड्याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. आणि एक गोष्ट जपून: टचपॅड वर आलेला वाटला, दाबला जात नसला किंवा झाकण नीट मिटत नसलं, तर बॅटरी फुगली आहे. मग चार्जिंग बंद, तिला टोचायचं नाही, वाकवायचं नाही. काढायचं काम जाणकाराला द्या आणि जुनी बॅटरी ई-कचऱ्याच्या संकलनात.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगतोय, कारण मी स्वतः पोळलो आहे. माझ्या एका सडपातळ लॅपटॉपचा मदरबोर्ड तीन वर्षांत गेला. साठवण बोर्डालाच सोल्डर केलेली होती. दुसऱ्या यंत्राला जोडून वाचायला डिस्क अशी वेगळी नव्हतीच. दुरुस्ती केंद्रानं बोर्ड बदलून दिला, लॅपटॉप नव्यासारखा परत आला आणि दोन महिन्यांचं लिखाण गेलं. तेव्हापासून पाठ न उघडता मी लॅपटॉप घेत नाही.

म्हणून पुढेमागे घ्यायची वेळ येईल तेव्हा माझ्या दोन अटी ठाम असतील: बॅटरी आणि साठवण, दोन्ही स्क्रूनं बसवलेल्या आणि काढता येणाऱ्या. मेमरीबाबत मी थोडा नमतो. ती सोल्डर करण्यामागे खरं तांत्रिक कारण असतं. कमी वीज खाणाऱ्या एलपीडीडीआर मेमरीला प्रोसेसरपर्यंतची वाट अगदी आखूड लागते. अलीकडे एलपीकॅम-दोन नावाचा स्क्रूनं बसणारा पर्याय आला आहे, पण तो अजून मोजक्याच यंत्रांत आहे. सोल्डर केलेली मेमरी घ्यावीच लागली तर पहिल्याच दिवशी १६ जीबी घ्या, नंतर वाढवता येणार नाही. कळफलक वेगळा निघतो का तेही विचारा. पुष्कळ यंत्रांत तो वरच्या सांगाड्याला रिव्हेट केलेला असतो, आणि मग एक कळ गेली तरी अख्खा सांगाडा बदलावा लागतो. तुमच्यासारख्या दिवसभर लिहिणाऱ्या माणसाला हे फार महाग पडतं.

फ्रेमवर्कबद्दल मला मनापासून आदर आहे. २०२१ मध्ये त्यांचा पहिला लॅपटॉप आला. सोबत स्क्रूड्रायव्हर देतात, आतल्या भागांवर क्यूआर कोड असतो आणि तो टिपला की त्या भागाची माहिती उघडते. २०२२ चा नवा मदरबोर्ड २०२१ च्या सांगाड्यात बसला, २०२३ चा एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचाही बसला. काढलेला जुना बोर्ड वेगळा छोटा संगणक म्हणून चालवता येतो. हे कुणी बोलून दाखवणं वेगळं आणि वर्षानुवर्षं करून दाखवणं वेगळं. तरी मुलाला दोन गोष्टी सांगा. त्या एएमडी बोर्डाला नव्या पिढीची डीडीआर-पाच मेमरी लागली, म्हणजे आधीची डीडीआर-चारची पट्टी त्यात चालली नाही. ‘सगळं जुनं राहील, फक्त बोर्ड बदलू’ असं दर वेळी होत नाही. आणि ही कंपनी सगळ्या देशांत विकत नाही. जिथे राहता तिथे तिचे सुटे भाग थेट पोचत नसतील, तर दुरुस्त होण्याजोगा असण्याचा निम्मा उपयोग गेला.

तसं असेल तर कचेऱ्यांसाठी बनवलेल्या मालिका बघा: लेनोव्होचं थिंकपॅड, डेलचं लॅटिट्यूड, एचपीचं एलिटबुक. मोठ्या कचेऱ्या ही यंत्रं काही वर्षांनी एकगठ्ठा काढतात, त्यामुळे वापरलेली यंत्रं आणि सुटे भाग मुबलक असतात. लेनोव्हो थिंकपॅडच्या दुरुस्तीची पुस्तिका सर्वांसाठी खुली ठेवते. कुठला स्क्रू किती लांबीचा हेसुद्धा तिच्यात असतं. घेण्याआधी ती पुस्तिका उघडून बॅटरीचं पान बघा. चार पायऱ्यांत बॅटरी निघत असेल तर यंत्र चांगलं. आयफिक्सइट या दुरुस्तीविषयक संकेतस्थळानं दिलेले दहापैकी गुण आणि फ्रान्समध्ये २०२१ पासून सक्तीचा केलेला दुरुस्ती-निर्देशांकही बघावेत. त्या निर्देशांकात सुटे भाग मिळतात का आणि केवढ्याला, यालाही गुण असतात. पण मॉडेलच्या नावातलं शेवटचं अक्षर डोळ्यांत तेल घालून वाचा. थिंकपॅड टी-४८० मध्ये मेमरीचे दोन खाचे असतात, सोल्डर केलेली मेमरी नसते. टी-४८०-एस मध्ये काही मेमरी बोर्डालाच सोल्डर केलेली असते आणि खाचा एकच. वापरलेल्या यंत्रांच्या यादीत ही दोन्ही नावं एकाखाली एक येतात.

आज रात्री मात्र एवढंच करा: कामाचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि त्यातली चारशे पानांची फाइल तिथून एकदा उघडून बघा. मग लॅपटॉप उलटा करून पाठीवरचा मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरासकट, आणि बॅटरी अहवालातले ते दोन आकडे मला लिहून पाठवा. कुठली बॅटरी मागवायची, डिस्क कुठल्या जातीची लागेल आणि मेमरी वाढवता येते का, हे मी पुढच्या पत्रात नेमकं सांगतो.